आपलं नाव लावून वाचा

किस्से म्हणजे घरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे. आपण कधी मुद्दाम विकत आणत नाही, कुणी हातात आणून ठेवत नाही, तरी एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर. आमच्या रविवारच्या वाचनाचं तसंच झालंय. जमलो होतो एक पुस्तक वाचायला. त्यातलं डोक्यात किती राहिलं ते देवालाच माहीत, पण किस्से इतके साठलेत की कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तर बसा, चहा टाकलाय.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी मंदा. हैदराबादच्या बरकतपुऱ्यात माझं पोळीभाजीचं केंद्र आहे. रविवारी केंद्राला सुट्टी, म्हणून पुढची खोली मोकळी असते आणि दुपारी चारला तिथे आमची बैठक बसते. देशमुख काका वयाने सगळ्यांत मोठे. घराणं मराठवाड्याकडचं, शेतीवालं, पण काकांचं सगळं आयुष्य हैदराबादेत गेलं. आधी कारखाना, मग एका शेठच्या कपड्याच्या दुकानात गल्ला, आता नुसतं दुकानदारासारखं ओरडणं शिल्लक आहे. सालोमीबाई निवृत्त नर्स. माहेर जालन्याचं, मराठी ख्रिस्ती. निखिल पुण्याचा, आयटीतला, कुकटपल्लीहून मेट्रोने येतो आणि पिशवीत चार रंगांचे हायलायटर आणतो. आणि आमची सून कीर्ती. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली. तेलुगू फडाफडा, हिंदी त्याहून फडाफडा, मराठी बोलते झकास, पण वाचायला लागली की एकेका अक्षरापाशी थांबून त्याची विचारपूस करते.

बस्स, एवढेच आम्ही पाच.

* * *

आमच्यात पुस्तक निवडायची पाळी असते. काकांची पाळी आली आणि ते सुलतान बाजारातून एक जाडजूड, पिवळं पडलेलं मराठी भाषांतर घेऊन आले. लेखक रशियन. सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून सक्तमजुरीच्या छावणीत डांबलेला, पुढे देशाबाहेर काढलेला, आणि छावणीतच देवाकडे वळलेला.

मी म्हटलं, "काका, तुम्ही आणि रशियन? तुम्ही तर वर्तमानपत्राचं मधलं पानही वाचत नाही."

काका म्हणाले, "ह्याला कुणीतरी चुगली करून अडकवलं असणार. असं असल्याशिवाय कुणी एवढं जाड पुस्तक लिहीत नाही. मला बघायचंय, त्या चुगलखोराचं पुढे काय झालं."

आता हे ऐकून आम्ही कुणीच हसलो नाही, कारण चुगलखोर म्हटलं की काकांच्या डोळ्यांसमोर कोण येतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. रंगाराव. आमच्याच गल्लीत, काकांपासून चार घरं पलीकडे राहतात. दोघं कुकटपल्लीच्या बाजूच्या एका कारखान्यात शेजारी शेजारी उभं राहून काम करायचे. एका डब्यात जेवायचे. युनियन दोघांनी मिळून उभी केली आणि हौसेनं घरंही एकाच गल्लीत घेतली, तोच पुढे मोठा घोळ झाला. कारण एकदा संप ठरला. कुठल्या दिवशी, कुठल्या गेटवर, हे फक्त या दोघांना माहीत. आणि त्या सकाळी लोक पोचले तर मालकाची माणसं गेटला कुलूप घालून आधीच उभी. संप तिथेच बारगळला. काकांची नोकरी गेली, रंगारावांची राहिली. काकांनी त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं, आणि त्या दिवसापासून रंगाराव दिसले की काका रस्ता ओलांडतात. समोरून रिक्षा येवो की बस, आधी ओलांडतात.

भांडण जुनं होतं, त्याची सगळ्यांना सवय झाली होती. पण यंदा एक नवीनच झालं. रंगारावांची बायको गेली, मुलगा विशाखापट्टणमला, त्याने घर विकायला काढलं. दिवाळी झाली की रंगाराव कायमचे जाणार, हे गल्लीत सगळ्यांना कळलं. काकांनाही कळलं. काका म्हणाले, बरं झालं, पीडा टळली. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दूध आणायला जाताना माझ्या खिडकीशी थांबून विचारायला लागले, "ट्रक आला का गं त्याचा?"

* * *

पुस्तकाची सुरुवात जोरात झाली. अटक, चौकशी, रात्ररात्र झोपू न देणं. सालोमीबाई डोळे पुसत होत्या, निखिल हायलायटर ओढत होता, आणि काका पानं पुढे पुढे उलटत होते. शेवटी त्यांनी निखिलला विचारलं, तुझ्याकडे हे पुस्तक मोबाइलमध्ये आहे ना? मग त्यात शोध की, चुगलखोर कुठे कुठे आलाय ते.

निखिलने इंग्रजी पुस्तकात शोधलं. ढिगाने सापडले! खोलीतला सोबती निघाला, शेजारी निघाला, हॉस्टेलमधला दोस्त निघाला. काका पुढे सरकून बसले.

"आता सांग, ह्यांना सजा कुठल्या पानावर होते?"

निखिल बराच वेळ बोटाने वर-खाली करत बसला. मग म्हणाला, "काका, होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लेखक म्हणतो, पेन्शन घेऊन आरामात जगले बरेचसे. आणि पुढे तो असंही म्हणतो, की त्याच्यावर तशी वेळ आली असती तर तो स्वतः कसा वागला असता, याची त्याला खात्री नाही."

काकांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि जाहीर करून टाकलं की हा माणूस लेखक म्हणून कच्चा आहे. पुढचे दोन रविवार ते आले, पण पुस्तक हातात न घेता. नुसती चकली खाल्ली.

* * *

ख्रिस्ती धर्माचं काहीही आलं की आम्ही सगळे सालोमीबाईंकडे बघायचो. बिचाऱ्या वैतागायच्या. म्हणायच्या, अहो, मी आयुष्यभर सलाइन लावलंय, प्रवचन नाही दिलं.

पण निखिल कसला सोडतोय. त्याचं म्हणणं, लेखक सारखा म्हणतो की दुष्टपणा म्हणजे काही दुसऱ्या पक्षाची किंवा दुसऱ्या देशाची माणसं नव्हेत, तो ज्याच्या त्याच्या आत असतो. हे कुठून आलं? म्हणून त्याने अगदी अभ्यासूपणे विचारलं, "बाई, तुमच्यात माणूस जन्मतःच पापी असतो, बरोबर ना?"

सालोमीबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "आमच्यात नाही रे. सगळ्यांच्यातच. आम्ही फक्त बोलून दाखवतो."

काका इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसले. म्हणाले, मग यात नवीन काय? आपल्याकडे षड्रिपू आहेतच की. काम, क्रोध, सगळे आतच बसलेले. हे म्हणजे आपल्याच मालाला रशियन पॅकिंग.

मला ते पटलं होतं. पण सालोमीबाई म्हणाल्या, थोडा फरक आहे. तुमच्याकडे सांगतात, शत्रू आत आहे, त्याला जिंक. आमच्याकडे सांगतात, तुझं तुला जमायचं नाही, आधी ते कबूल कर, मग हात पुढे येईल. काकांना काही ते रुचलं नाही. माणसाला स्वतःचं स्वतः का जमू नये? तर बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आंघोळ करता. स्वतःची पाठ कधी स्वतःला नीट चोळता आलीय का?"

काकांनी यावर खरोखर विचार केला. इतका की कीर्ती पुढचं पान वाचायला लागली तरी त्यांचा उजवा हात मानेमागून पाठीवर कुठपर्यंत पोचतो हे बघणं चालूच होतं.

* * *

आमचा तो प्रसिद्ध नियम निघाला तो निखिलमुळे. छावणीतल्या पहारेकऱ्यांचं प्रकरण चाललं होतं. थंडीत कैद्यांना तासन्‌तास उभं करून हे लोक आत शेकोटीपाशी बसलेले. निखिल भडकला. ही माणसं माणसं नव्हतीच, यांना लाजा कशा वाटल्या नाहीत, दुसऱ्याला ताटकळत ठेवून हे आरामात बसतात, वगैरे वगैरे. पुणेरी माणूस भडकला की व्याकरणशुद्ध भडकतो.

सालोमीबाई शांतपणे म्हणाल्या, "हेच वाक्य परत म्हण. ही माणसं म्हणतोस तिथे आपलं नाव लावून."

"माझं? मी काय केलंय?"

"म्हणून तर बघ."

निखिल हसत हसत म्हणाला, "मी, निखिल, दुसऱ्याला ताटकळत ठेवून आरामात..." आणि अडकला. त्याच्या ऑफिसात मुलाखतीला आलेली पोरं बाहेर खुर्च्यांवर दोन-दोन तास बसून असतात आणि हा आत कॉफी घेत असतो, हे त्यानेच आम्हाला मागे कौतुकाने सांगितलं होतं. म्हणे त्यामुळे कळतं कुणात किती पेशन्स आहे. आता त्यालाही ते आठवलं असावं. चेहरा पडला बिचाऱ्याचा. त्याने हायलायटरला टोपण लावून पान उलटलं.

तेव्हापासून नियम झाला. पुस्तकातल्या कुणालाही नावं ठेवायची असतील तर आधी आपलं नाव लावून वाक्य म्हणायचं, मग शिल्लक राहिलं तर ठेवायची. गंमत बघा, त्यानंतर आमच्या चर्चा निम्म्या वेळात आटपायला लागल्या.

फक्त काका नियम पाळेनात. म्हणायचे, मी आयुष्यात कुणाची चुगली केली नाही, तिथे मी माझं नाव लावू तरी कसं? खोटं बोलू?

* * *

या नियमाचा पुढचा किस्सा आमच्या खोलीत घडलाच नाही, तो कुकटपल्लीत घडला. एका बुधवारी मला फोन. निखिलची बायको, ऋजुता.

"काकू, ते रशियन पुस्तक कधी संपणार आहे?"

मी विचारलं, का गं, काय झालं? तर म्हणाली, सोमवारी तिने त्याला सुनावलं की तुला घरातलं काही दिसतच नाही. तर हे महाराज सोफ्यावर मांडी घालून शांतपणे म्हणाले, हेच वाक्य आपलं नाव लावून म्हण!

मी म्हटलं, अगं बाई. मग?

"मग काही नाही. मी म्हटलं, मला, ऋजुताला, घरातलं काही दिसत नाही. आणि खोलीत जाऊन पुस्तक वाचत बसले. स्वयंपाकघर दिसलंच नाही मला दोन दिवस. काकू, तुमच्याकडून डबा चालू करता येईल का त्याला?"

पुढच्या रविवारी निखिलने स्वतःहून दुरुस्ती सुचवली की हा नियम ज्याने त्याने स्वतःलाच लावायचा, दुसऱ्याला लावून द्यायचा नाही. सालोमीबाई म्हणाल्या, हेच सांगायला आमच्या देवाला केवढी खटपट करावी लागली, तुला एका आठवड्यात कळलं.

* * *

आता कीर्तीचं सांगते. तिला वाचायला दिलं की एक पान अर्धा तास चालायचं. सुरुवातीला सगळे कावायचे. पण हळूहळू लक्षात आलं, की अवघड पान असेल तर तेच बरं. निखिल वाचतो तेव्हा छावणीतलं मरणही बातम्यांसारखं सर्रकन निघून जातं. कीर्ती वाचते तेव्हा प्रत्येक शब्दापाशी आपल्याला उभं राहावं लागतं, पळायला जागा नसते. म्हणून ठरलंच, अवघड पान कीर्तीला.

तर एका रविवारी ते पान आलं. लेखक छावणीतल्या दवाखान्यात पडलाय आणि आपल्या आयुष्याकडे मागे वळून बघतोय. त्याला वाटत होतं की आपण चांगल्यांच्या बाजूला आहोत. आणि आता त्याला दिसतंय की ज्या काळात त्याला आपण अगदी बरोबर आहोत असं वाटत होतं, नेमकं त्याच काळात तो सगळ्यांत जास्त निर्दयपणे वागला होता.

कीर्ती वाचत होती. "जे... व्हा... मला... वाटत होतं... की मी..."

काका म्हणाले, "लवकर वाच ना गं."

"आजोबा, जोडाक्षर आहे."

त्या एका वाक्याला इतका वेळ लागला, की तेवढ्यात काका रागावले, उठले, चपला घालायला दारापर्यंत गेले, तिथे थांबले, परत आले आणि बसले. वाक्य अजून चालूच होतं. शेवटी एकदाचं संपलं.

मग काका म्हणाले, "परत वाच. सावकाश वाचलीस तरी चालेल."

* * *

आणि आता माझी वेळ. मी स्वभावाने अशी, की दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय मला माझी आमटी गोड लागत नाही. रंगाराव माझ्याकडूनच डबा नेतात, बायको गेल्यापासून. रोज साडेबाराला स्वतः येतात, गेटपाशी उभे राहतात, भाजी कुठली ते विचारतात आणि जातात. इतके महिने मी त्यांच्याशी भाजीपलीकडे बोलले नव्हते, कारण काकांना काय वाटेल.

त्या सोमवारी त्यांनीच विषय काढला. रविवारी तुमच्याकडे कुणीतरी मोठ्याने वाचत असतं, रस्त्यावर ऐकू येतं, काय वाचता? मी सांगितलं. रशियन आहे, तुरुंगात होता, माणसाच्या आतल्या पापाबद्दल लिहितो. ते म्हणाले, तेलुगूत मिळेल का? मी म्हटलं, बघते. मग डबा हातात घेऊन ते जरा रेंगाळले आणि विचारलं, देशमुख काय म्हणतो त्यावर?

आता मी काय सोडणार होते? मी म्हटलं, ते चुगलखोराला सजा कधी होते तेच शोधतायत.

रंगाराव खाली बघत राहिले. मग आपल्या त्या दखनीत, म्हणजे इथल्या हैदराबादी हिंदीत, म्हणाले, "बहुत साल हो गए अम्मा. आदमी डर जाता. बालबच्चे रहते, नौकरी रहती. डर में कुछ भी कर डालता. उसकू पकड के कबतक बैठना?"

एवढं बोलून ते गेले. मी तिथेच गेटला धरून उभी. अहो, कबुलीच की ही! इतक्या वर्षांनी, माझ्या गेटपाशी, दोडक्याच्या भाजीच्या साक्षीने. कुकर शिट्ट्या मारत होता, तो बंद करायचं भान मला राहिलं नाही.

संध्याकाळी मी जाऊन काकांना सगळं शब्द न् शब्द सांगितलं. मला वाटलं ते उसळतील. ते उसळले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डर गया, असं म्हणाला?" मी म्हटलं, हो. "बालबच्चे म्हणाला?" हो. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता परत ठेवला. मला त्यांची फार दया आली. इतकी वर्षं उराशी धरलेला राग एकदम रिकामा झाल्यावर माणसाने हात ठेवायचे तरी कुठे, असं त्यांचं झालं होतं.

* * *

काकांनी रंगारावांना माफ करायचं ठरवलं. आणि ठरवलं ते सभेत जाहीर केल्यासारखं, रविवारी आमच्यासमोर उभं राहून. आता नुसतं माफ करायचं तर गेलं, बोललं, झालं. पण काका युनियनवाले. त्यांना भाषण हवं होतं.

निखिलने मसुदा केला. त्यात पार्श्वभूमी होती, मुद्दे होते आणि शेवटी "यापुढे सहकार्याची अपेक्षा" असं होतं. काकांना आवडला. मग भाषा कुठली यावर वाद. कीर्ती म्हणाली तेलुगूत बोला, त्यांना बरं वाटेल. काका म्हणाले, आम्ही आयुष्यभर एकमेकांना दखनीत शिव्या घातल्या, माफी पण दखनीतच. मग त्यांनी तालीम केली. एक हात पाठीमागे, एक हात वर, "रंगाराव, मैं तुम्हारा वो गुनाह..."

सालोमीबाई तालीम बघत होत्या. म्हणाल्या, "काका, हे तर तुम्ही बक्षीस वाटताय. माफी अशी वरून खाली देता येत नाही. शेजारी बसून द्यावी लागते."

"मग काय करू?"

"जाताना आपलं नाव लावून जा."

काका चिडले. खरंच चिडले. म्हणाले, "बाई, माझी नोकरी गेली. लोक मला विचारायचे, तुझ्याच दोस्ताने केलं ना? माझी बायको त्याच्या बायकोशी चोरून बोलायची, मला माहीत होतं, मी ते पण बंद करायला लावलं. मी त्याला माफ करायला चाललोय हे काय कमी आहे? मी माझं नाव कुठे लावू?"

पण काकांच्या बोलण्यातलं ते मधलं, बायकांचं बोलणं बंद करायला लावल्याचं वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि बहुतेक काकांनीही ते स्वतः पहिल्यांदाच ऐकलं. ते खाली बसले. मग मसुद्याचा कागद घडी करून निखिलच्या हातात परत दिला.

* * *

दिवाळी झाली. शनिवारी रंगारावांच्या दारात खरंच ट्रक येऊन उभा राहिला, रविवारी सामान चढणार होतं. रविवारी तीनला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी रस्ता ओलांडला, या वेळी त्या घराकडे.

चार वाजले. आम्ही पुस्तक उघडून बसलो, पण कुणी वाचेना. कीर्तीने दोनदा चहा गरम केला. निखिल मध्येच म्हणाला, मारामारी तर नाही ना झाली? सालोमीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. प्रार्थना करत होत्या की झोपल्या होत्या ते मी विचारलं नाही. पाच वाजून गेल्यावर काका आले. शर्टाला धूळ, हाताला दोरीचे वळ. येऊन आपल्या जागी बसले.

मी म्हटलं, "काका, बोला आता. माफ केलं?"

काका म्हणाले, सगळं घर खोक्यांनी भरलंय त्याचं. एकच खुर्ची उरली होती, त्यावर मला बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी खोक्यावर बसला. आधी स्वतः चहा करून आणला. मी घसा साफ केला. म्हटलं आता बोलावं. तर त्याने हात वर केला.

"काय म्हणाला?"

काकांनी रंगारावांचा आवाज हुबेहूब काढला. "देशमुख, कुछ मत बोल. मेरेकू मालूम तू कायकू आया. वो गेट की बात ना? मैं तो तेरेकू कबका माफ कर दिया."

आम्हाला काही कळेना. निखिल म्हणाला, "तुम्हाला? तुम्हाला कशाबद्दल?"

"चुगली केल्याबद्दल." काका म्हणाले. "माझी नोकरी गेली ती नुसती दाखवायला, असं तो धरून होता. महिन्याभरात मी कपड्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलो ना, तो शेठ मालकाचा साडू होता म्हणे. मला आजवर माहीत नव्हतं. तो म्हणाला, तेरे बच्चे छोटे थे, तू डर गया होगा. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की मी लाजेनं रस्ता ओलांडतो."

माझ्या गेटपाशी रंगाराव बोलले होते ते काकांबद्दल, हे मला आत्ता कळलं.

"पण तुम्ही तर केलंच नव्हतं!" निखिल जवळजवळ उभा राहिला. "आणि त्यांनीही केलं नव्हतं. मग केलं कुणी?"

काकांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

सालोमीबाईंनी डोळे उघडले होते. त्यांनी हळूच विचारलं, "काका, मग तुम्ही त्यांना सांगितलंत? की तो मी नव्हतो?"

काका आपल्या हातांवरचे वळ बघत होते. "तोंडापर्यंत आलं होतं, बाई."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, मेहरबानी तेरी, यारा. आणि म्हटलं, चहात साखर कमी पडली."